कागदी पिशव्या: घडीपासून मेथीच्या टोपलीपर्यंत

दिवाळी आणि लग्नसराई उलटली की कपाटाच्या खालच्या कप्प्यात कागदी पिशव्या मावेनाशा होतात. साडीच्या दुकानातल्या जाड चकचकीत, किराण्याच्या तपकिरी, औषधाच्या दुकानातली खाकी पाकिटं, बेकरीच्या तेलकट पुड्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून हा ढीग वाढतच गेला. वर्षातून दोनदा, एक शनिवार-रविवार मोकळा ठेवून, आम्ही तो निकालात काढतो. त्याची रीत जशी बसत गेली तशी इथे लिहितो आहोत.

सुरुवातीलाच सांगायचं तर लगदा हा शेवटचा उपाय. कागद दिसला की मिक्सर काढायचा, ही घाई सगळ्यात महागात पडते. पिशवी पिशवी म्हणून वापरून संपली की तिची लहान पिशवी, ती संपली की सुटा कागद, आणि कागदाचं काही होत नसेल तेव्हाच लगदा. कारण दर वेळी भिजवून कुटताना कागदातले तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूंचा कागद आधीच्याइतका चिवट होत नाही. शिवाय कागदी पिशवी तयार होतानाच पाणी आणि ऊर्जा बरीच खाऊन बसलेली असते. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेनं २०११ साली दुकानातल्या पिशव्यांचा निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशोब मांडला होता. हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधायला कागदी पिशवी निदान तीनदा वापरावी लागते, असं त्यात निघालं. एकदा वापरून कागदी पिशवी टाकणाऱ्यानं फार पर्यावरण वाचवलं, असं म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही.

पहिलं काम निवडण्याचं. अर्धा दिवस यातच जातो आणि जाऊ द्यावा, कारण पुढची बहुतेक फजिती इथल्या चुकीतून होते. सगळ्या पिशव्या जमिनीवर ओतायच्या, आत हात घालून तळ चाचपायचा. बिलं, पिना, टाचण्या, लेबलं निघतात. औषधाच्या आणि किराण्याच्या गुळगुळीत बिलावर नखानं ओरखडा ओढून बघा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेनं छापला जाणारा, रसायनाचा लेप असलेला कागद. तो लगद्यातही नको आणि खतातही नको. पिना चमच्याच्या दांड्यानं उचकटून एका डबीत टाकायच्या. एक पीन मिक्सरच्या भांड्यात गेली तर पात्याला खाच पडते.

मग प्रत्येक पिशवीची परीक्षा. चकाकते ती प्लॅस्टिकची आणि मळकट दिसते ती साधी, असा नियम करू नका. हल्ली मॅट लॅमिनेशन, म्हणजे कागदावर चढवलेला बिनचमकीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा, इतकं बेमालूम असतं की हाताला कागदच लागतो. कोपरा सावकाश फाडा. साधा कागद फाटतो तेव्हा कडेला पांढरे-तपकिरी केसाळ तंतू दिसतात. लॅमिनेशन असेल तर कागद आधी फाटतो आणि पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन मागे राहतो. तरीही शंका असेल तर दोन बोटांएवढा तुकडा पेलाभर पाण्यात अर्धा तास टाका आणि चिमटीत चोळा. साधा कागद मऊ पडून वळकट्या सुटतात. लॅमिनेशनचा पापुद्रा तसाच्या तसा हातात येतो. सोनेरी-चंदेरी कागद मुठीत चुरगाळून सोडायचा: चुरगळलेलाच राहिला तर कागदाचा भाग मोठा, उसळी मारून उलगडला तर आत प्लॅस्टिक. बेकरीच्या काही पुड्यांना मेणाचा हात असतो. पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि नखाला मेण लागतं.

आणि दुकानदार ज्यांना ‘कापडी’ म्हणून देतो त्या पातळ, ठिपक्या-ठिपक्यांच्या पिशव्या ना कापडाच्या ना कागदाच्या. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच. या ढिगात त्यांचं काम नाही.

शेवटी चार गठ्ठे होतात: साधा तपकिरी कागद, लॅमिनेशनच्या जाड पिशव्या, लहान पाकिटं आणि वर्तमानपत्राच्या पिशव्या, आणि तेलकट-मेणकट. चौथ्याचं फारसं काही होत नाही. तेलकट कागदाचा लगदा बांधला जात नाही, कारण तंतूंना एकमेकांना धरू द्यायला मध्ये पाणी लागतं आणि तेल ते लांब ठेवतं. थोडं तेल लागलेला कागद फाडून खताच्या डब्यात, मेणाचा असेल तर सरळ कचऱ्यात.

तपकिरी कागदाची जाडी मोजायला यंत्र लागत नाही. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे दहा तुकडे कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. जेवढे ग्रॅम भरतील त्याची दहापट म्हणजे त्याचं जीएसएम, दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते. १० ग्रॅम भरले तर १०० जीएसएम. किराण्याच्या बऱ्या पिशव्या ८० ते १२० च्या दरम्यान निघतात. ७० च्या खालच्या कागदाची पुन्हा पिशवी करण्यात वेळ घालवू नये, त्याची पाकिटं करावीत.

आता सरळ करणं. पिशवी मूळ घड्यांवरच चपटी करायची, नवी घडी पाडायची नाही. कागद घडीवरच आधी मरतो. चुरगळली असेल तर पातळ सुती कापड जेमतेम दमट करून वर पसरायचं आणि इस्त्री मध्यम आचेवर, वाफ बंद ठेवून फिरवायची. लॅमिनेशनच्या पिशवीला इस्त्री कधीच नाही. पापुद्रा वितळतो, इस्त्रीच्या तळाला चिकटतो, आणि पुढच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो. अशा पिशव्या गादीखाली आठ दिवस ठेवल्या तरी पुरे.

चपट्या पिशव्या उभ्या, फायलींसारख्या, एका खोक्यात रचाव्यात. आडव्या थप्पीत खालची कधी निघत नाही, मग वरचीच वापरली जाते आणि खाली कसर लागते. कसरीला आणि झुरळांना कागदापेक्षा त्यातला डिंक आणि खळ जास्त आवडते, म्हणून तळाचे जोड आधी कुरतडले जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खोकं भिंतीला टेकवू नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालतो. डांबराच्या गोळ्या टाळतो, कारण वास कागदात महिनोन्‌महिने राहतो आणि त्याच पिशवीतून उद्या फळं येणार असतात.

वजनाचा हिशोब असा: १०० जीएसएमच्या, तळ शाबूत असलेल्या पिशवीत कोरडं सामान तीन किलोपर्यंत. हा आमचा, थोडा सावध आकडा आहे. कोरडं हा शब्द मात्र पक्का धरा. कागदातले तंतू एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः सूक्ष्म रासायनिक बंधांनी, आणि पाणी शिरलं की ते सुटतात. काही प्रक्रिया न केलेला कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद कोरड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. म्हणून बाजारातून ओली मेथी, पालक, फ्रीजमधली दुधाची पिशवी कागदात ठेवायची नाही. वर धरलेला हात शाबूत असतो, तळ मात्र रस्त्यावर.

पिशवी तळातून जाते किंवा बंदातून. पिळाच्या कागदी बंदाची पिशवी असेल तर बंद स्वतः क्वचित तुटतो. ज्या पट्टीनं तो आतून चिकटवलेला असतो ती सुटते. जुनी पट्टी ओढून काढू नका, पिशवीचा थर सोबत येतो. तिच्यावरच दुप्पट रुंदीची, १२० जीएसएमची नवी पट्टी लावा. भोकातून ओवलेला दोर असेल तर सगळा ताण भोकाच्या वरच्या कडेवर येतो आणि तिथून फाटत जातं. तोंडाशी आत पुठ्ठ्याची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी बसवली, भोक पुठ्ठ्यातून पाडलं आणि दोराची गाठ आतल्या बाजूला ठेवली की ताण सगळ्या रुंदीवर वाटला जातो. तळाला पुठ्ठा घालायचा तो तळापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लहान. बरोबर मापाचा घातला तर कोपरे टोचून तळ आतूनच फाडतो.

मोठी पिशवी कुठेतरी फाटली की तिच्या दोन लहान करता येतात. २६ सेंमी रुंद, १२ सेंमी बाजू आणि ३२ सेंमी उंचीची किराण्याची पिशवी उभ्या जोडावर सोडवून उलगडली आणि तळ कापून टाकला की सुमारे ७६ सेंमी रुंद कागद मिळतो. त्यातून ३७.५ × २५.५ सेंमीचे दोन तुकडे बसतात. दोन्ही तुकड्यांची उंची पिशवीच्या उंचीच्या दिशेनंच ठेवायची. कारखान्यात पिशवी कागदाच्या रिळापासून नळी करून बनते, त्यामुळे तंतू तळाकडून तोंडाकडे धावतात. त्या दिशेनं कागद सरळ फाटतो आणि घडी स्वच्छ पडते. आडव्या दिशेची घडी भेगाळते. जुनी उभी घडी नव्या पिशवीच्या दर्शनी भागात आली तर फक्त दिसायला वाईट. पण जुनी आडवी घडी नव्या तळाच्या रेषेवर येत असेल तर तो तुकडा दुसऱ्या कामाला.

छापील बाजू आतल्या अंगाला जाईल असा कागद पसरून डाव्या कडेपासून खुणा करायच्या: १.५, १३.५, १९.५ आणि ३१.५ सेंमी. पहिली दीड सेंटिमीटरची पट्टी चिकटवायची, मग १२ ची दर्शनी बाजू, ६ ची कड, पुन्हा १२, पुन्हा ६. वरून ३ सेंमीवर एक आडवी रेघ, खालून ४.५ वर दुसरी. रेघा पेन्सिलीनं नकोत. शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून जोरात ओढायच्या, म्हणजे कागद दबतो आणि घडी तिथेच पडते. ६ सेंमीच्या कडांच्या मधोमध, तळाच्या रेघेच्या वरच, आत दुमडायची आणखी एक रेघ. आता वरची ३ सेंमीची पट्टी आत दुमडायची आणि दर्शनी बाजूंना तिच्या पोटात ११.५ × २.५ सेंमीची पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची. मग उभा जोड चिकटवायचा. खाली प्रत्येक कोपऱ्यावर तळाच्या रेघेपर्यंत चीर द्यायची, जोडपट्टीचा तळाखालचा तुकडा कापून टाकायचा. आधी कडांचे दोन पदर आत, मग त्यांच्यावर १२ सेंमीचे दोन मोठे पदर. मोठे पदर एकमेकांवर ३ सेंमी चढतात, म्हणूनच तळाला ४.५ ठेवले. इथे कंजुषी करून ३.५ ठेवले तर चढ एकाच सेंटिमीटरचा राहतो आणि पहिल्याच किलोला तळ उघडतो. आत ११.७ × ५.७ सेंमीचा पुठ्ठा. तोंडाला दोन्ही कडांपासून ४ सेंमीवर भोकं, ३० सेंमीचा सुती दोर दोन वेळा. १८ सेंमी उंचीची, किलोभर वजनाला पुरणारी पिशवी तयार. हळदीकुंकवाच्या वाणाला हीच उपयोगी पडते.

चिकटवायला खळ. तपकिरी कागदाला तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि पुढे पिशवीचा लगदा करायचा झाला तर खळ पाण्यात सुटून जाते. बाजारचा पांढरा गोंद वाळल्यावर रबरासारखे तुकडे लगद्यात सोडतो. चार मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास मैदा, पाव वाटी थंड पाण्यात गाठी न होता कालवायचा. दीड वाटी पाणी उकळत ठेवून त्यात ते कालवण ओतायचं आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत हलवायचं. आधी दुधाळ असतं ते हळूहळू अर्धपारदर्शक होतं, चमच्याला जाड थर धरतं. तिथे थांबायचं, निवल्यावर आणखी दाटते. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पिठासारखी झडते. पातळ झाली तर कागद पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना सुरकुततो. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे; घरातल्या पिशवीला, आणि लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच, घालू नये. त्याऐवजी खळ थोडीच करावी, फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, आंबट वास आला की टाकावी. ब्रशनं पातळ हात, वर वजन, उन्हाळ्यात दोन तास आणि पावसाळ्यात रात्रभर.

लॅमिनेशनवर खळ धरत नाही. जोड येणारी जागा पॉलिश पेपरनं खरवडून फेविकॉल लावला तर काही दिवस तगतो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप त्याहून बरी. पण या पिशव्या सोडवण्यात अर्थच नाही. त्या जाड आणि पाण्याला दाद न देणाऱ्या असतात, म्हणून कपाटातल्या खणात उभ्या ठेवून मोजे, वायरी, औषधं लावायला वापराव्यात. तोंडाची कड आत दुमडली की उभ्या राहतात. जुन्या झाल्या की दोर आणि पुठ्ठे काढून घ्यायचे, बाकीचा भाग सुक्या कचऱ्यात. रद्दीवाला तपकिरी कागद पुठ्ठ्यांच्या भावात घेतो. लॅमिनेशनच्या पिशव्या तो बाजूला काढतो, आणि त्याचं बरोबर आहे.

अन्नाबद्दल एक कडक नियम. छापील कागदाची पिशवी, वर्तमानपत्राची पुडी, यांत तळलेलं किंवा ओलं खाणं ठेवायचं नाही. अन्नपदार्थांच्या वेष्टनांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच केली आहे. शाईतली द्रव्यं तेलात आणि वाफेत पटकन उतरतात. वडापाव वर्तमानपत्रातच चांगला लागतो म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण घरात तरी भजी टिपायला ताटात दुसरं काही असावं. साल काढून खायची फळं चालतात. कच्चे चिकू, केळी तपकिरी पिशवीत एकेरी थरात ठेवून तोंड दुमडलं की फळातून निघणारा इथिलीन वायू आत कोंडून लवकर पिकतात, आणि कागद दमटपणा बाहेर सोडतो म्हणून प्लॅस्टिकसारखी बुरशी धरत नाही. पिशवी गच्च भरली तर मधली फळं मऊ पडून डागाळतात.

वर्तमानपत्राच्या पिशव्यांचा खरा मान कोकणात आहे. हापूसची फळं अंड्याएवढी झाली की त्यांना साधारण २५ × २० सेंमीच्या कागदी पिशव्या घालायची शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठानं केलेली आहे. फळमाशी फळापर्यंत पोचत नाही, डाग कमी पडतात, रंग एकसारखा येतो. परसात एखादंच कलम असेल तर हाताशी येणाऱ्या फळांपुरतं हे घरी करता येतं. पिशवीचं तोंड देठाभोवती चुण्या घालून सुतळीनं किंवा पिनेनं बंद करायचं, फळाला पिशवी आवळून बसता कामा नये. तळाच्या एका कोपऱ्याला छोटं भोक ठेवायचं, दव साचून फळ कुजू नये म्हणून. इथेही चकचकीत पुरवणीचा कागद वापरायचा नाही. हवा खेळत नाही.

रोपांसाठी कागदाच्या कुंड्या सोप्या. १० सेंमी रुंद पट्टी पेल्याभोवती दोन फेरे गुंडाळायची, खालचे ३ सेंमी दुमडून तळ करायचा, पेला काढून माती भरायची. रोप लावताना कागदासकट लावायचं. गंमत एवढीच की कागदाची कड मातीच्या वर राहिली तर ती वातीसारखी ओल शोषून हवेत सोडते आणि रोप भर पाण्यात सुकतं. कड फाडून टाका किंवा पुरून टाका.

खताच्या डब्यात कागद म्हणजे पाचोळ्याच्या जागी. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राचा, कागद कर्बाचा. कचरा दोन वाट्या असेल तर दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या करून चुरगाळलेला कागद एक ते दोन वाट्या. पिळलेल्या स्पंजाइतकी ओल हवी. वास येतो तो जास्त ओलीनं, मुंग्या येतात त्या कमी ओलीनं. अख्खे कागद टाकले तर ते एकमेकांना चिकटून गादी होते आणि खाली हवा जात नाही.

आता लगदा. तपकिरी कागदात लांब तंतू जास्त, म्हणून त्याचा घरी केलेला कागद वर्तमानपत्रापेक्षा चिवट होतो, पण भिजायलाही दुप्पट वेळ घेतो. १०० ग्रॅम कोरडा कागद, दोन सेंटिमीटरचे तुकडे हातानं फाडून (कात्रीनं कापले तर तंतू कापले जातात), दोन लिटर कढत पाण्यात २४ तास. मिक्सरचं जुनं, अन्नाला न वापरायचं भांडं घ्यायचं. एका वेळी मूठभर भिजका कागद आणि भांडं दोन-तृतीयांश भरेल इतकं पाणी, दहा-दहा सेकंदांचे चार-पाच झटके. पाणी कमी घातलं की लगदा पात्याला गुंडाळला जातो आणि मोटर जळका वास सोडते. सलग दोन मिनिटं फिरवलं तर तंतूंचं पीठ होतं. असा लगदा साच्यावर पाणी सोडत नाही आणि वाळल्यावर कागद बिस्किटासारखा तुटतो. चमचाभर लगदा पाण्याच्या पेल्यात ढवळून उजेडात बघा. ढगासारखा पसरला तर झाला, तुकडे तरंगले तर आणखी एक झटका.

कागदाचा ताव उचलायला एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी लागतात, १५ × २१ सेंमी आतलं माप. एकीवर मच्छरजाळी डफासारखी ताणून ठोकायची. जाळी मध्ये लोंबली तर ताव मध्ये जाड, कडेला फाटका. घमेल्यात दहा लिटर पाणी आणि सगळा लगदा. कोरी चौकट जाळीच्या चौकटीवर धरून दोन्ही उभ्या बुडवायच्या, पाण्याखाली आडव्या करायच्या आणि सरळ वर उचलायच्या. पाणी गळत असतानाच डावी-उजवी, पुढे-मागे एकेक हलका हिसका. वरची पाण्याची चमक गेली की हात स्थिर. त्यानंतर हलवलं तर तावात चिरा पडतात. ताव बिघडला तर चौकट उलटी करून पाण्याला टेकवायची, लगदा परत उतरतो. जमलेला ताव ओल्या सुती पंच्यावर पालथा घालून जाळीच्या मागून स्पंजानं पाणी टिपायचं आणि चौकट एका कडेनं उचलायची. पंचा कोरडा असेल तर ताव जाळीलाच चिकटून राहतो. १०० ग्रॅममधून पंधरा-सोळा ताव निघतात. पंचे आणि तावांची चळत दोन पाटांमध्ये, वर पाण्याचा भरलेला वीस लिटरचा कॅन अर्धा तास. वजन एकदम टाकलं तर ओले ताव कडेनं पसरतात. वाळवायचे सावलीत, काचेवर किंवा फरशीवर थापून. उन्हात कडा आधी वाळून वर वळतात.

असा ताव शाई पितो. लिहायचं असेल तर तांदळाची पातळ पेज दोन्ही बाजूंनी लावून वाळवायची आणि गुळगुळीत गोट्यानं किंवा शंखानं घोटायचा. ही काही नवी युक्ती नाही. जुन्नरी आणि दौलताबादी कागद असाच खळ लावून, घोटून तयार होई. दौलताबादेजवळचा कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावं त्या कारागिरांचीच. नवं लाकूड कुटून नव्हे, जुनी गोणपाटं, दोर आणि चिंध्या यांच्यापासून तो कागद होई.

पण खरं सांगायचं तर घरात इतके ताव लागतात कुठे? लगद्याचं आमच्या मते उत्तम काम म्हणजे टोपली. गावाकडे बांबूच्या टोपल्या-सुपांच्या फटी कागदाचा लगदा आणि मेथी घालून लिंपतात, आणि नुसत्या लगद्याच्या टोपल्याही करतात, त्याचीच ही रीत. वर्तमानपत्र, खाकी पाकिटं, खळीचे जोड, सगळं इथे खपतं.

२५० ग्रॅम कोरडा कागद दोन दिवस भिजत, पाणी रोज बदलून. मिक्सर नको, पाट्यावर वाटला किंवा खलबत्त्यात कुटला तर तंतू लांब राहतात, टोपली चिवट होते. सोबत ५० ग्रॅम मेथीदाणे रात्रभर भिजवून सकाळी गंधासारखे वाटायचे. मेथीत बुळबुळीत डिंकासारखा भाग भरपूर असतो, तो तंतूंना बांधतो, आणि कडूपणामुळे किडे कमी लागतात. मेथी कमी पडली की वाळल्यावर टोपलीची कड भुरभुरते. लगदा कापडात घालून घट्ट पिळायचा. मुठीत दाबला तर पाण्याचे एक-दोन थेंबच यावेत. मग मेथी आणि अर्धी वाटी दाट खळ घालून कणकेसारखा दहा-पंधरा मिनिटं मळायचा. बोटांना चिकटेनासा झाला की तयार.

साच्याला तोंडाकडे पसरट होत गेलेलं पातेलं किंवा घमेलं पालथं घालायचं. सरळ उभ्या भिंतीचा डबा घेऊ नका, टोपली निघणार नाही. वर ओलं पातळ कापड घट्ट बसवायचं, सुरकुती न ठेवता, नाही तर ती आतून उठते. मध्यापासून सुरू करून लगदा थापत कडेपर्यंत आणायचा, जाडी पाच-सहा मिलिमीटर, सगळीकडे सारखी. जाड केली की मजबूत होते असं वाटतं, पण सेंटिमीटरभर जाड टोपली बाहेरून वाळते आणि आत ओली राहते. चौथ्या दिवशी आंबूस वास, सहाव्या दिवशी काळी बुरशी. ओल्या हातानं किंवा वाटीच्या बुडानं पृष्ठभाग दाबून घोटायचा.

पहिला दिवस सावलीत. लगदा वाळताना आकसतो, पातेलं आकसत नाही. म्हणून पूर्ण वाळेपर्यंत साच्यावर ठेवली की टोपली पातेल्याला आवळून बसते आणि कडेला उभी तडकते. साधारण एका दिवसानं, वरून कोरडी आणि दाबल्यावर किंचित दबेल अशी असताना कापडासकट उचलायची, कापड सोलून काढायचं, आणि मग तीन-चार दिवस ऊन. दिवसातून दोनदा पालथी-उताणी करायची. केसाएवढ्या चिरा पडल्या तर राखून ठेवलेला लगदा पाण्यात सैल करून त्यात भरायचा. मूठभर लगदा त्यासाठी बाजूला काढलेला असावा. पूर्ण वाळल्याची खूण म्हणजे टिचकी मारली की ठण्ण वाजते. थापट आवाज आला तर अजून एक ऊन.

वरून पातळ खळीनं तपकिरी पिशवीचे तुकडे आतून-बाहेरून चिकटवले की कड झिजत नाही. कांदे, लसूण, फुलं, वाळवणं, लोकर, यांना ही टोपली चांगली. ओलं काहीही नाही.

उरलेलं गढूळ पाणी मोरीत ओतू नका. त्यातले तंतू पाइपात साठून बोळा बसतो, आणि प्लंबर त्या बोळ्याचे पैसे घेतो. पाणी फडक्यातून गाळून झाडांना घालायचं. वर उरलेला लगदा लिंबाएवढे गोळे करून कडक वाळवायचा, कितीही महिने टिकतो. ओला लगदा उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी घाण येऊ लागतो. टोपली पावसाळ्यात मऊ पडली तर वापरायची नाही, आश्विनाचं ऊन दाखवायचं. काळे ठिपके पडले तर तेवढा भाग कापून टाकून बाकीची तोडून, वाळक्या गोळ्यांबरोबर पुन्हा भिजत घालायची. मेथी मात्र तेव्हा नव्यानं, पूर्ण मापाची घालावी लागते. जुनीचा चिकटपणा तोवर धुऊन गेलेला असतो.